कळंब्याला तीन दिवस

भाच्यानं, अमोघनं, फ्लॅट घेतलाय.
पत्ता दिलेला: शेळक्यांच्या गुऱ्हाळापासून डावीकडं.
गुऱ्हाळ कुठंय? रिक्षावाला हसला,
"ते पाडलं की हो कधीच. डावीकडं मात्र हाय अजून."

सकाळी सहा-दहाला कागलच्या कंपनीची बस.
कोपऱ्यावर बारा-पंधरा जण, गळ्यात ओळखपत्रं,
पिशव्यांतून झुणक्याचा वास, तोंडं मिटलेली.
बस गेली की रस्त्यावर उरते
एक म्हैस
आणि तिचा मालक, दौलत पोवार.
चार गुंठे राखलेत, बाकीच्याचं पार्किंग झालं.
"दूध घ्या पावणं, समोर धार काढतो."
तांब्या नाही माझ्याकडं.
"मग ओंजळ हाय की."

हात धुवायला तलावावर गेलो.
पाण्यात टॉवर उलटे,
नवव्या मजल्यावरची वाळत घातलेली साडी
पार माझ्या पायाशी.
एक पाणकोंबडी सहाव्या मजल्यातून
बेल न वाजवता पलीकडं गेली.

रात्री आठला अमोघ आला. बूट काढता काढता,
"मामा, तलाव बघितला?"
पडदा सरकवला त्यानं. समोर
दिव्यांच्या उजेडात स्लॅब पडत होता.
"इथनं दिसायचा. दीड वर्षं दिसला."
खाली जातोस कधी?
"रविवारी झोपतो."
हप्ता अजून अठरा वर्षं.

निघताना बायकोचा फोन. नेमकं कुठं राहतो तो?
पोवारांच्या म्हशीपासून डावीकडं, मी म्हणालो,
आणि मागं वळून
बघून घेतलं.