बेत

मुहर्रकच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून आठशे मीटर आत
मी प्लॉट नंबर एकशे बाराचा कोपरा ठरवतो.
खाली चार मीटर पाणी.
नाळेवर हबीब बोयाची दोरी धरून उभा,
गालात कलिंगडाच्या खारट बिया;
सालं थुंकतो ती एकशे तेरामध्ये पडतात.

उन्हाळ्यापर्यंत इथे वाळू येईल,
समुद्राच्याच पोटातून उपसलेली,
पाइपातून, शिंपल्यांच्या चुऱ्यासकट.
मग रस्ता, मग झेंडे.
विक्री मात्र कालपासून सुरू आहे.
ऑफिसात काचेच्या पेटीत पांढरी घरं ठेवलीत
आणि मुगाएवढी झाडं.

हबीब म्हणतो, इथे आजोबांचा हद्रा होता.
काठ्यांचं कुंपण, ओहोटीला मासे अडकायचे.
कागद होता त्याचा. शिक्का होता.
पाण्याचा सात-बारा? मी विचारतो.
सात-बारा त्याला कळत नाही.
हद्द कळते. हक्क कळतो. मालक कळतो.
हे शब्द आमच्याकडे कधीतरी गलबतातून उतरले असावेत,
काही वाटेत भिजले.

जसं की तो म्हणाला, माझी रकम फार जुनी.
मला वाटलं, पैसे साठवलेत गड्यानं.
तर रकम म्हणजे नुसता आकडा,
घरं वाटणाऱ्या खात्याच्या यादीतला.
अर्जाला तो तलब म्हणतो.
लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात केलेली तलब;
थोरली झैनब आता नववीत आहे
आणि बापाच्या गच्चीवरच्या खोलीत
पाच माणसं, एक एसी,
कपडे बदलायचे तर चौघांनी जिन्यात थांबायचं.
आमच्याकडे तलब म्हणजे काय ते मी सांगितलं:
चहाची, तंबाखूची, सुटता सुटत नाही ती.
तो इतका हसला की हातची दोरी सुटली
आणि एकशे बाराचा कोपरा
दीड मीटर वाहत गेला.

रात्री तळेगावहून विभाचा फोन.
बिल्डरनं पुन्हा भाव वाढवला.
मी आलो तेव्हा हिशोबात दोन खोल्या बसत होत्या.
पगार वाढला, बाल्कनी गेली.
ओव्हरटाइम लागला, दुसरी खोली अर्धी झाली.
आता ती म्हणते, नकाशात 'स्टडी' लिहिलंय ना,
तिथे तुझी आई झोपू शकेल,
पाय जरा दुमडून.
विषय बदलावा म्हणून मी सांगितलं,
इथे तर समुद्रातून जमीन काढतात.
ती म्हणाली, मग तिथे कुणाला कमी का पडते?

जूनमध्ये वाळू आली.
हबीब चपला हातात घेऊन उतरला, घोट्यापर्यंत रुतला.
टाचेनं रेघ ओढली. मग दुसरी.
इथे मजलिस, छोटीच.
इथे झैनबची खोली, कडी आतून.
एक भिंत तिरकी गेली तसा माझ्याकडे बघू लागला.
मी तिपाई रोवली, यंत्र लावलं,
त्याचे चारही काटकोन काढून दिले.
बिलात धरले नाहीत.

मध्ये उभा राहून तो म्हणाला, बेत.
घराला ते बेत म्हणतात.
आमच्याकडे त्याचा अर्थ काय होतो
ते मी अजून त्याला सांगितलेलं नाही.