अठरावी जागा

ट्रोम्सोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य रजेवर जातो.
मग शीतखोलीत चार अंशांवर बसायचं
तितकंसं जिवावर येत नाही;
बाहेरपेक्षा आत ऊब.

काम सांगायला सोपं आहे.
फ्योर्डच्या तळाशी एक लांबडा, बुळबुळीत मासा असतो,
आमच्याकडे तो कुणी ताटात घेत नाही.
समुद्र गोठायच्या बेताला येतो
तरी त्याचं रक्त वाहतं राहतं.
त्या रक्तात एक चिमुकलं प्रथिन:
बर्फाचा कण दिसला की त्याला जाऊन चिकटतं,
आणि कण वाढायचा थांबतो.

ते दिसतं कसं, हे पाहायचं तर
आधी त्याचा स्फटिक हवा.
म्हणजे स्फटिक वाढू न देणं हाच ज्याचा धर्म
त्याच्याच हातापाया पडायचं,
की बाबा रे, तू स्फटिक हो.

अकरा महिने झाला नाही.
मीठ बदललं, आम्लता बदलली,
थेंब काचेला उलटे टांगले, शेकड्यांनी.
रोज सकाळी, सकाळ म्हणजे घड्याळातली,
भिंगाखाली तेच:
गढूळ साय, विस्कटलेल्या सुया,
एकदा माझाच केस.
योरुन म्हणाली, एखाद्या थेंबाला विसरून बघ.
विसरले.
ईस्टरची सुट्टी संपवून आले, तर तिसऱ्या ट्रेच्या कोपऱ्यात
मिठाच्या खड्याहून लहान
पण कडा धरलेला.

द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून तो हाम्बुर्गला नेला.
क्ष-किरणांनी त्याला फिरवून फिरवून विचारलं,
तो ठिपक्यांत बोलला.
ठिपक्यांवरून गणित, गणितावरून निळी जाळी,
आणि त्या जाळीत मी सहासष्ट अमिनो आम्लं
एकेक करून बसवली,
बाबा तुटक्या जाळ्यात दोरा ओवतात तशी,
जीभ दातांत धरून.
एक बाजू सपाट निघाली.
बर्फावर टेकायची ती.

बाबा सेन्या बेटावर. फोनवर सगळं ऐकून घेतलं,
मग म्हणाले, घडी कळली. पण काम कोण करतं?
बोटीवर सहासष्ट जण असले
म्हणून सगळेच जाळं ओढत नाहीत.

म्हणून अठरावी जागा.
तिथलं थ्रिओनिन काढलं, दुसरं बसवलं,
जीवाणूंकडून नवं प्रथिन वाढवून घेतलं.
पुन्हा थेंब, पुन्हा हाम्बुर्ग.
दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले:
एकही वळण हललेलं नाही.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही,
इथे तर सुंभही शाबूत, पीळही.

मग गार काचेवर बर्फाचा एक कण सोडला.
मूळ प्रथिनात तो सहा कोन आवळून बसून राहायचा.
या नव्यात तो जरासा थरथरला
आणि काचभर झाला.
मी वहीत लिहिलं: रचना तीच. कार्य जवळपास नाही.
योरुनने केक आणला.

ऑगस्टमध्ये बाबांना झटका आला.

उजवा हात पांघरुणावर आहे.
तीच रुंद नखं, गळ घुसला होता तो व्रण,
अंगठ्याजवळ डांबराचा कधीच न निघालेला डाग.
मी त्यात दोर ठेवला.
चाळीस वर्षं अंधारात, लाटेवर, झोपेत
त्यांनी जी गाठ मारली तिचा दोर.
ते बराच वेळ बघत राहिले,
जसं काही दुसऱ्याच कुणाचं जाळं चुकून बोटीत आलंय.
हात तोच आहे ना गं, गुनवोर?
तोच आहे, बाबा.
मग?

आज मी अठराव्या जागी थ्रिओनिन परत ठेवतेय.
तुलनेसाठी ठेवावंच लागतं.
कण थांबेल, मला माहीत आहे,
तरी खुर्ची पुढे ओढून बसलेय.

दोर त्यांच्या उशाशी ठेवून आलेय,
मोकळाच.
काल नर्सचा फोन आला होता:
रात्री तो डाव्या हातात होता.