सहमतीचा गुणांक

फोटो क्रमांक अठ्ठ्याऐंशी.
रकाना ‘ड’: चित्रातली व्यक्ती बोलते आहे का?
बोलत असेल तर एक, नसेल तर शून्य,
सांगता येत नसेल तर नऊ.

मी शून्य भरलं.
डेल्फिनानं एक.

एकाच पुराच्या दोनशे चौदा बातम्या,
सात देशांच्या वर्तमानपत्रांतून वेचलेल्या.
दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचायच्या,
एकमेकींना न विचारता,
आणि तरी आकडे जुळायला हवेत.
याला विश्वासार्हता म्हणतात,
असं आमची प्राध्यापक ओउती पहिल्याच तासाला म्हणाली,
आणि फळा पुसून टाकला.

सत्त्याऐंशीपर्यंत ठीक चाललं होतं.
अठ्ठ्याऐंशीवर आमचा छत्तीसचा आकडा.

मी एकावन्न वर्षांची. कायानीतला आमचा पेपर बंद पडला
तेव्हा रात्रपाळीच्या टेबलावरून उठले
ती हेलसिंकीच्या या वर्गात येऊन बसले.
शेजारी ही चोवीस वर्षांची, केलिमानेची,
नोव्हेंबरातल्या दुपारी तीनच्या अंधाराला
दुकान लवकर बंद केल्याबद्दल शिव्या घालणारी.

“हे बघ,” तिनं स्क्रीनवर नख टेकवलं,
“छपरावर बाई. खाली होडी. आणि हिची तीन बोटं.”
मला वाटलं होतं, घरातली माणसं मोजतेय.
किंवा उपासाचे दिवस.
“छे! घासाघीस करतेय. कोंबड्या दिसत नाहीत तुला?
होडीवाला त्यांचंही भाडं मागतोय,
ती म्हणतेय, तीनच्या वर एक दमडी नाही.
अगं, माझी मावशी अशीच बोटं नाचवते,
टोमॅटोवरून.”

पुन्हा पाहिलं. तोंड अर्धवट उघडं.
मी ते कण्हणं समजले होते.
कोंबड्या खरंच होत्या, टोपलीत, अगदी कडेला,
जिथून आम्ही फोटो कापायचो;
या वेळी कापायचं राहून गेलेलं.

फोटोखाली: ‘मदतीची वाट पाहणारी पूरग्रस्त महिला.’
रकाना ‘फ’: ओळ लिहिणाऱ्याचं नाव आहे का?
तिचं शून्य. माझंही शून्य.
इथे मात्र आम्ही तंतोतंत जुळलो.

रात्रीचे अकरा चाळीस.
दोन कॉलमांचा फोटो, खाली एकच ओळ,
छापखान्यातून तिसऱ्यांदा फोन,
एजन्सीनं नाव दिलेलं नाही, गाव दिलेलं नाही.
अशा वेळी ‘वाट पाहणारी’ नेहमी मावते.
वाट पाहणाऱ्या बायका मी किती बसवल्या असतील,
शाळांच्या अंगणात, तंबूंच्या दाराशी,
सरहद्दींवर,
कुणालाही न विचारता, की बाई, तू वाट पाहतेयस का?

ओउती म्हणाली, मतभेद मिटवा,
नाहीतर दोघी नऊ भरा.
नऊ! किती सोयीचा आकडा,
आपल्याला न कळलेलंही त्यात शास्त्र होऊन बसतं.
डेल्फिना ऐकेना.
“नऊ कशाला? सांगता तुला येत नाही. मला येतं.”

तर गुणांक घसरून शून्य पूर्णांक एकाहत्तर,
आणि परिशिष्टात आता एक खुलासा जोडायचा,
चार ओळींत,
कोंबड्यांचा उल्लेख टाळून.

परतताना ट्राममध्ये मी म्हटलं,
अठ्ठ्याऐंशीची ती ओळ माझी आहे.
ती खिडकीबाहेर बघत राहिली. दोन थांबे गेले.
मग म्हणाली, “कोंबड्या तरी ठेवल्यास.”

हाकानिएमीच्या बाजारात उतरलो. इथे कुणी भाव करत नाही;
पाटीवर लिहिलेलं असतं, माणसं तेवढे देतात,
आणि हवामानाविषयीसुद्धा जपून बोलतात.
मुइक्कू माशांच्या ढिगासमोर
डेल्फिनानं हात वर केला:
तीन बोटं.
मासेवाल्यानं पाटीकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, मी काहीतरी सांगेन म्हणून.
मी तोंड मिटून उभी.
बर्फातून हात काढून
त्यानं सावकाश ओला हातमोजा उतरवला
आणि दाखवली
चार.