पट्टी

शनिवारी संध्याकाळी आवटी मॅडमनी
टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला.
नाणं गिळून मिरजेला आलेली एक्केचाळीस पोरं,
नऊ वर्षांतली.
सकाळी सांगलीत परिषद.
"इराप्पा, सगळे एक्स-रे एका मापात बसव."

चिकटवलेलं चित्र कधी जागेवर पडत नाही.
मधोमध येतं, मथळ्याच्या अंगावर बसतं,
लग्नात पुढची खुर्ची धरलेल्या पाहुण्यासारखं.
सात-आठ हातानं ओढली. मग वैतागलो,
मॅक्रो लिहायला घेतला.

प्रत्येक स्लाइडवरची प्रत्येक आकृती बघ,
चित्र असेल तर रुंदी बारा सेंटिमीटर,
उंची रुंदीला बांधून ठेव, छाती चेपायची नाही,
वरची नावाची पट्टी काप.
चालवला.

इस्पितळाचं बोधचिन्हसुद्धा चित्रच की!
एक्केचाळीस ठिकाणी पातेल्याएवढं झालं,
वर डोकं उडालेलं.
मागं फिरवलं. एक 'जर' वाढवला.
चहा गार.

बाहेर सतारवाल्यांच्या गल्लीत कुणीतरी
एकच तार पिळत होतं,
वर, अजून जराशी वर,
पट्टी काही सापडेना.

साडेनऊला पोरं रांगेत उभी, सगळी सारखी.
नावं मी कापलेली, पण फाइलींना गावं होती.
बेडगचं अकरा महिन्यांचं बाळ
आणि आरगचा नऊ वर्षांचा दांडगा,
दोघांची छाती बारा सेंटिमीटर.
फक्त रुपया ऐकेना.
बाळाच्या गळ्यात भरून उरलेला,
दांडग्याच्या गळ्यात शर्टाच्या बटणाएवढा.

फोन लावला.
"मॅडम, खरं माप गेलं सगळ्यांचं.
प्रत्येकाशेजारी मोजायची पट्टी काढू?
एक ओळ वाढवायचीय नुसती."
पलीकडं कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाल्या, "नको रे. नाणं आहे ना आत.
ते कुठं लहान-मोठं होतंय?"

फाइल जतन केली, दिवे बंद केले.
गल्लीतली तारही कधी थांबली कळलं नाही,
लागली म्हणून, की तुटली म्हणून.

घरी आल्यावर खिशातली चिल्लर
रोज टीव्हीशेजारी ठेवतो.
धाकटी तिथंच सतरंजीवर झोपलेली, तोंड उघडं.
चिल्लर कपाटावर ठेवली,
मागं, भिंतीला लागून.