झेला

आमच्याकडे हापूस पाडत नाहीत.
लांब काठी, टोकाला जाळी, तिला झेला म्हणतात.
देठ कातरला की आंबा आपसूक आत.
जमिनीला लागला तो पेटीत जात नाही.
एवढं एकच शिकवून अब्बा
बहारीनला गेले, टगबोटीवर.
मी सात वर्षांची.

बाराव्या वर्षी आम्हांलाही बोलावलं.
शाळेच्या मैदानात मी सगळ्यांत उंच,
म्हणून दोन दप्तरांच्या मध्ये उभी केली.
उभी राहिले ती राहिलेच.

मुहर्रकच्या क्लबात माझ्या आडनावातला प गेला.
अरबीत प नाही. पेवेकरची बेवेकर झाले,
करारावर, लाऊडस्पीकरवर, पाठीवर.
दुरुस्त करायला गेले तर कारकून म्हणाला,
एकच की.
पुढे मीही फोनवर बेवेकर म्हणू लागले.
व्हिसावर पेशा: ऑफिस क्लार्क.
गोलकीपर असा रकाना नव्हता,
किंवा असेल, कोणी शोधला नाही.

सराव इशाच्या नमाजानंतर.
ऊन गेलेलं, पण हवा ओलीगच्च,
गोलपोस्टला माझ्याहून जास्त घाम.
डोक्यावरून विमानं इतकी खाली की चाकं मोजावीत.
मुंबईचं कुठलं, कोझिकोडचं कुठलं,
बाकावर बसून बसून आवाजावरून कळायला लागलं.

हो, बाकावर.
अकरा हंगाम, तेवीस सामने.
बाकी सगळा वेळ बसले, पाठ ताठ,
हातमोजे घालून.
दुसऱ्या कीपरचं काम काय, लोक विचारतात.
सामन्याआधी पहिलीवर शंभर चेंडू मारायचे,
तिला काही होऊ नये अशी दुआ करायची,
आणि ती दुआ पुरती खरी नसते
हे कोणाला सांगायचं नाही.

नूफ आमची पहिली. चांगलीच होती.
ती ओरडली की चारही बॅक
एका दोरीने ओढल्यासारख्या सरकत.
रिफ्फाच्या पोरींविरुद्ध तिचं बोट मोडलं.
मी धावत आत गेले, आणि
एवढासा क्षण, खोटं कशाला बोलू,
मला आनंद झाला.

त्या दिवशी शमाल सुटला होता.
दिव्यांखाली धूळ, गिरणीतल्या पिठासारखी.
ऐंशीव्या मिनिटाला लांबून एक चेंडू आला.
फटका नव्हताच तो,
तिला नुसता क्रॉस द्यायचा होता.
चेंडू वाऱ्यात थांबला.
खरंच थांबला, विसरलेलं काही आठवत असल्यासारखा,
आणि माझ्या डाव्या हातावरून आत गेला.
अडवलेले किती, ते कुठेतरी लिहिलेलं असेल.
मला हा एक पाठ आहे,
त्याच्या शिवणीसकट.

घरी अब्बांनी काही विचारलं नाही.
सुकट भाजली. चहा टाकला.
कप विसळताना, पाठमोरेच, म्हणाले,
वारा असला की झेला जरा पुढे धरतात.
बावीस वर्षांत
एकदाही मे महिन्यात गावी न गेलेला माणूस.

यंदा करार नाही. गुडघ्याने आधीच सांगितलं होतं.
सकाळी अरादच्या एका शाळेत जाते, आठ मुली.
हातमोजे अजून एसीच्या बाहेरच्या पेटीवर वाळत घालते,
वास जात नाही, आणि जावा असंही नाही.

परवा हिस्सा, त्यांतली सगळ्यांत बुटकी, विचारते,
गोल झाल्यावर जाळीतून चेंडू कोण काढतं?
आपणच, म्हटलं.
सगळ्यांसमोर?
सगळ्यांसमोर. पाठ फिरवून, वाकून.
ती गप्प झाली. मग म्हणाली,
तर मग मला स्ट्रायकर व्हायचंय.

माझे मोठे मोजे तिच्या हातांत
मनगटाशी डुलत होते.
काढले मात्र नाहीत तिने.