दोन सामन्यांची बंदी

मंगळवारी माझ्या शेडमध्ये
लाकूड कमी, शब्दच जास्त तासले जातात.
कोल्मनला दोन सामन्यांची बंदी.
“आणि त्यांच्या सात नंबरनं हेल्मेटची जाळी धरून ओढलं, ते?
तेव्हा लाइन्समन काय बगळे मोजत होता?”
मॅलकी व्हिडिओ मागे नेतो,
हर्ली पुन्हा वर, पुन्हा खाली;
अकराव्यांदा पाहिलं की कुणीही निरपराध वाटतो.
“मार खाणारा आपला असता तर?” डिम्फ्ना विचारते.
कुणालाच ऐकू येत नाही.

कोपऱ्यात फिन्टन. त्याची दोन बोटं
एकोणसत्तरच्या फायनलपासून मिटत नाहीत.
मारणारा पुढच्याच रविवारी खेळला,
पंचाच्या वहीत नावसुद्धा नाही.
तो हा, शेजारी बसलेला, जार्लथ.

चहा येतो.
जार्लथ साखरेची पुडी फाडतो,
फिन्टनच्या कपात ओततो, ढवळतो,
कपाचा कान त्याच्या धड हाताकडे वळवतो
आणि आपला चहा गार होऊ देतो.

मी अॅशच्या बुंध्याची फळी उजेडात धरते.
मुळाशी वळलेली शीर, तिचीच काठी टिकते.

“अपील करायचंच!” मॅलकी टेबलावर मूठ आपटतो.

बाहेर फाटकाला टेकून कोल्मन,
दुरुस्तीला टाकलेली हर्ली न्यायला आलाय.
तीच ती.
पट्टी मारून तयार आहे कधीची.
पोरगं आत काही येत नाही.