पुढचं अक्षर

सेलूकर सर पोस्टकार्डाने ओळ झाकायचे
आणि एकेक अक्षर उघडत विचारायचे, "पुढचं?"
चुकलं की लाल टिंब, बरोबर आलं की आडवी रेघ.
पानाला एक आणा.
मी रुकय्या, परभणी स्टेशनच्या तारबाबूची, बारा वर्षांची.
घरात दखनी, शाळेत परवापर्यंत उर्दू,
आता एकदम मराठी.
"म्हणूनच तू हवीस," सर म्हणाले,
"माझ्या बायकोला सगळंच आधी कळतं."

हैदराबादेहून त्यांच्याकडे एक निबंध आला होता,
टेलिफोन कंपनीतल्या कुणा अमेरिकन माणसाचा,
कडा वाळवीने खाल्लेल्या.
त्यात होतं म्हणे, की जे आधीच ओळखता येतं
त्यातून नवीन काही कळत नाही.
सर तेच मराठीत मोजत होते,
ज्वारीच्या पोत्यावर वही ठेवून,
जिनिंगचा भोंगा होईपर्यंत.
वाक्याच्या शेवटी 'आ' उघडला
की मी न बघता 'हे' म्हणायचे.
महिन्याभरात तिथे एकही लाल टिंब उरलं नाही.
"बघ," सर हसले, "सगळी भाषा ज्याला टेकून बसते
त्या शब्दात पैचा माल नाही!"

अब्बांना हे निबंधावाचून ठाऊक होतं.
खिडकीशी लोक बोटांवर शब्द मोजत,
पहिला कापला जाई तो 'आहे'.

यंत्रामागे चारमिनारचा रिकामा डबा,
टिकटिक त्यात घुमायची.
भाद्रपदात पूर्णेकडची तार ओली झाली
की डब्यात भलतंच काही तडतडे.
"कान जास्ती तानो तो नै सो बी सुनता,
ढीला छोडो तो हय सो बी जाता."
सरांनी हे वाक्य उतरवून घेतलं.
रडारवरच्या दुसऱ्या निबंधात
एवढ्याच गोष्टीला चौदा पानं लागली होती.

एका रात्री मी भाकरी घेऊन गेले तेव्हा
नांदेडहून येत होतं:
अनसूयाबाई दुधाटे, परभणी. सोपान तब्येत बरी
मग तडतड. मग ओळ मेली.
अब्बांनी पूर्णेला तीनदा हाक दिली.
डब्याला कान लावून बसले, डबा आता गप्प असूनही.
त्या तडतडीत काही होतं,
की नुसता ओल्या चिनीमातीचा खोकला?

मी कागद पाहिला.
"अब्बा, 'आहे'चे पैसे कोण देतं?
'बरी'च्या पुढे काही असेलच, तर ते..."
अब्बांनी माझ्याकडे असं बघितलं
की मी भाकरीचं फडकं सोडायला लागले.

'बरी'पुढे एक शब्द मावेल एवढी जागा त्यांनी कोरी ठेवली.
शिपायाला न उठवता सायकल काढली,
मला पुढच्या दांड्यावर घेतलं.

कंदिलाशी अनसूयाबाईंनी कागद आडवा धरला, उभा धरला.
"हितं काय होतं?"
"आवाज था," अब्बा म्हणाले. "लफ्ज था के नै, मालूम नै."
त्यांनी पुन्हा विचारलं नाही.
कनवटीला पैसे, दाराला कडी, दीडची पॅसेंजर.
फुकटचा हेलपाटा परवडेल,
हे बाईंनी कंदील विझवता विझवता ठरवलं.

सकाळी ओळ जोडली गेली.
पूर्णेने तीच तार पुन्हा पाठवली.
अब्बांनी उतरवली, घडी घातली,
बंद दाराच्या कडीत खोवून आले.
मला सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही, आणि त्यांना जाऊनही आता
बावीस वर्षं झाली.

संध्याकाळी सरांचं पोस्टकार्ड सरकत सरकत
'ब'वर आलं, मग 'री'वर.
"पुढचं?"
(मोकळी जागा हेही अक्षर धरायचं, असा त्यांचा नियम.)
ते पान माझ्याकडे आहे.
त्या घरात ना टिंब, ना रेघ.
बाजूला सरांच्या बारीक अक्षरात फक्त वेळ:
चार मिनिटं. भोंगा झाला.